शमीखालचा प्रश्न : हे धनुष्य कोणाचे?

आज विजयादशमी. सीमोल्लंघन करून आपट्याची पाने वाटण्याचा, वडीलधाऱ्यांच्या पाया पडण्याचा आणि काल खंडेनवमीस पुजलेली अवजारे पुन्हा कामास लावण्याचा हा मंगल दिवस. आम्हां हरिदासांना तर आज शमीची कथा सांगितल्यावाचून कीर्तन पुरे झाल्यासारखे वाटत नाही. अज्ञातवासात शिरण्यापूर्वी पांडवांनी आपली शस्त्रे विराटनगराबाहेरच्या शमीवर बांधून ठेवली, जवळ कोणी फिरकू नये म्हणून त्यांच्यासोबत एक प्रेतही बांधले, आणि वर्ष सरल्यावर बृहन्नडेच्या वेषातील अर्जुनाने राजपुत्र उत्तराला झाडावर चढवून ती खाली काढविली, एवढी कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. परंतु पुढचा भाग आम्ही कीर्तनकार बहुधा घाईने ओलांडतो. श्रोत्यांना अर्जुन प्रकट व्हायला हवा असतो, आणि आम्हांलाही.

महर्षी व्यास मात्र तेथे घाई करीत नाहीत. गाठोडे सुटते, धनुष्ये झळकतात, आणि तो भित्रा उत्तर भय विसरून एकेक शस्त्र न्याहाळू लागतो. ज्याच्या पाठीवर सोन्याचे शंभर ठिपके आहेत ते धनुष्य कोणाचे? ज्याच्यावर सोन्याचे इंद्रगोप, म्हणजे आपले मृगातले मखमली किडे, बसविले आहेत ते कोणाचे? तीन सोनेरी सूर्य ज्याच्यावर तळपतात ते कोणाचे? बेडकाच्या पाठीसारखी घडण असलेली ही लांब तलवार कोणाची, आणि व्याघ्रचर्माच्या म्यानात निजलेली ही दुसरी कोणाची? अर्जुन एकेकाचे उत्तर देतो : इंद्रगोपांचे धर्मराजाचे, सूर्यांचे नकुलाचे, बेडकाच्या घडणीची तलवार माझी, वाघाच्या कातड्यातली भीमाची. गांडीवाची तर तो वंशावळच सांगतो. ब्रह्मदेवाने ते सहस्र वर्षे धारण केले, प्रजापतीने पाचशे तीन, इंद्राने पंच्याऐंशी, सोमाने पाचशे, वरुणाने शंभर, आणि मग ते पार्थाच्या हाती आले.

रूप पाहावे आणि धनी ओळखावा, असा तो काळ होता. ही ओळख आपल्या उपासनेतही मुरलेली आहे. संध्येत आपण केशवापासून कृष्णापर्यंत चोवीस नावे घेतो. त्या चोवीस मूर्तींत मुखाचा वा मुकुटाचा भेद नाही. शंख, चक्र, गदा आणि पद्म ही चार कोणत्या हाती कोणते, एवढाच भेद. आयुध नीट न पाहणाऱ्यास केशव कोणता आणि माधव कोणता हे कळणारच नाही. शस्त्राचे रूप न्याहाळणे हे आपल्या शास्त्रात निषिद्ध तर नाहीच, उलट ध्यानाचे ते एक अंग आहे.

हे सारे आज आठवण्यास एक निमित्त आहे. आमचे गाव प्रकाशा, शहादा तालुक्यातील, सूर्यकन्या तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे. केदारेश्वराच्या दर्शनावाचून काशीयात्रा पुरी होत नाही अशी येथील श्रद्धा. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका पोलीस ठाण्यातून दसऱ्याच्या शस्त्रपूजनाचे मंत्र म्हणण्यासाठी आम्हांस निरोप आला. त्यांचे नेहमीचे गुरुजी आजारी होते. आम्ही होकार दिला खरा, पण त्या रात्री झोप लागली नाही.

कारण आमच्या घरात ही पूजा होत नव्हती. आमचे वडीलही कीर्तनकार. शिक्षणासाठी ते लहानपणी नंदुरबारला आत्याकडे राहत असत. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात विद्यार्थ्यांची जी मिरवणूक निघाली, तिच्यावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण हुतात्मा झाले. शिरीषकुमार अवघा पंधरा वर्षांचा होता आणि त्याच्या हाती तिरंगा होता. माणिक चौकातले स्मारक आमच्या जिल्ह्यातील लहान मुलालाही ठाऊक आहे. वडील त्या दिवशी बारा वर्षांचे होते, आत्याने त्यांना माजघरात कोंडून ठेवले होते, आणि त्यांनी काही पाहिले नाही. त्यांनी फक्त आवाज ऐकला. पुढे उभ्या आयुष्यात खंडेनवमीस त्यांनी नांगर पुजला, विळा पुजला, वीणा आणि झांजा पुजल्या. बंदुकीस मात्र अक्षता वाहिल्या नाहीत. कोणी आग्रह केला तर म्हणत, "तलवारीचा आवाज ऐकून कोणी पोर कोंडलेले आम्ही ऐकले नाही." यावर उत्तर देण्याची आमची छाती नव्हती.

ठाण्याच्या अंगणात सतरंजी अंथरली होती. तिच्यावर पांढरे वस्त्र, आणि त्यावर ओळीने बंदुका. झेंडूच्या माळा, उदबत्तीचा वास, तबकात हळदकुंकू. शस्त्रागाराचे हवालदार पन्नाशीतले, धडगावकडच्या एका पाड्यातले. आम्ही कुंकवाची चिमूट घेऊन पहिल्या बंदुकीकडे हात नेला, तोच ते अदबीने म्हणाले, "महाराज, नळीवर नको. दस्त्यावर लावा. कुंकवाची ओल राहिली तर लोखंडाला गंज धरतो." आमचा हात थांबला. ज्याला पुजावयाचे ते काय आहे, कोठे लाकूड आणि कोठे लोखंड, हे आम्ही पाहिलेच नव्हते. म्हणून आम्ही त्यांना विनविले की, हवालदारसाहेब, मंत्र मागाहून म्हणू, आधी यांची ओळख करून द्या. आणि उत्तराप्रमाणे एकेकीकडे बोट दाखवीत गेलो.

येथे शब्दाचा थोडा विचार करावा. 'शस्' म्हणजे कापणे, त्यावरून शस्त्र. 'अस्' म्हणजे फेकणे, त्यावरून अस्त्र. तलवार शस्त्र, बाण अस्त्र. मग बंदूक काय? ती हातातून सुटत नाही आणि तरी दूर फेकते. अग्निपुराणातील धनुर्वेदात आयुधांचे जे प्रकार दिले आहेत, त्यांत हाताने फेकावयाचे ते पाणिमुक्त, हातातच राहणारे ते अमुक्त, आणि यंत्राने सुटणारे ते यंत्रमुक्त. बंदुकीस आम्ही यंत्रमुक्तातच बसवू. पुराणकाळी बंदुका होत्या असे सांगणारे विद्वान भेटतात. आम्ही त्या वाटेस जात नाही. वर्गीकरण करणाऱ्याची दृष्टी विशाल असली की पुढे येणाऱ्या वस्तूलाही तीत जागा सापडते, एवढेच.

ओळीत पहिली होती ती थ्री-नॉट-थ्री. नळीचे छिद्र इंचाच्या तीनशे तीन सहस्रांशाइतके, म्हणून हे नाव. जेम्स पॅरिस ली हा तिच्या यंत्रणेचा जनक, आणि एनफील्ड हे इंग्लंडातील कारखान्याचे गाव. १९०७ साली तिचे जे रूप ठरले तेच बंगालमधील इच्छापूरच्या कारखान्यात पुढे कित्येक वर्षे घडत राहिले. लांबी सुमारे ११३ सेंटिमीटर, वजन चार किलोच्या आसपास. पण ही आकडेवारी बाजूस ठेवून तिच्याकडे नुसते पाहावे. दस्त्यापासून नळीच्या तोंडापर्यंत सारे लाकूडच लाकूड. तापलेल्या नळीने हात भाजू नये आणि नळीस धक्का बसू नये म्हणून ही योजना. पुढचे तोंड बोथट, जणू घाईने कापून टाकलेले, आणि नेम धरण्याच्या खुणेच्या दोहों बाजूंस दोन कान. घोड्याच्या जरा पुढे दहा काडतुसांची लहानशी पेटी. खटका मागे ओढून पुढे लोटावयाचा, की नवे काडतूस नळीत. जवसाचे तेल पिऊन पिऊन त्या लाकडाला पाटाच्या जुन्या शिसवीसारखा गडद रंग चढला होता. सुतार आणि लोहार या दोघांनी मिळून केलेली वस्तू आहे, हे तिच्याकडे पाहून समजते. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताकदिनी तिला संचलनातून समारंभाने निरोप दिला. एखाद्या निवृत्त होणाऱ्या वृद्ध सेवकास द्यावा तसा.

"ही कोणाची?" आम्ही विचारले. हवालदारांनी दस्त्यावर रंगविलेला आकडा दाखविला. "हिचा हा बट नंबर, महाराज. ज्याची ड्यूटी, त्याची ती. वहीत सही करून नेतात, सही करून ठेवतात."

दुसरी एस.एल.आर. ही अधिक लांब आणि अधिक रेखीव. मूळ आराखडा बेल्जमचा. १९६२ च्या चिनी आक्रमणात आपले जवान थ्री-नॉट-थ्री घेऊन लढले, त्यानंतर हिची निर्मिती इच्छापुरास सुरू झाली. हिच्यात पहिल्यांदा नळीवर नळी दिसते, आणि हे रूप आधुनिक बंदुकांत फार ठिकाणी आढळते, म्हणून त्याचे कारण समजून घेतले. गोळी नळीतून धावत असता तिच्या मागच्या वायूचा अल्पसा अंश वरच्या बारीक नळीत शिरतो, तेथला दट्ट्या मागे ढकलतो, रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि नवे काडतूस आपोआप चढते. मारणाऱ्या शक्तीतलाच थोडा भाग पुढच्या प्रहारासाठी राखून ठेवावयाचा. ही कल्पना ज्याला सुचली त्याच्या बुद्धीस नमस्कार करावा की तिच्या परिणामाकडे पाहून हात मागे घ्यावा, हे आम्हांस त्या क्षणी ठरविता आले नाही.

तिसरी इन्सास. ही तर आपल्या पुण्याची. पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने हिचा आराखडा केला. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात ती सैन्यात आली आणि १९९९ साली कारगिलच्या शिखरांवर गेली. हिची ठेवण अनेक घराण्यांतून आलेली आहे. यंत्रणा रशियन वळणाची, पोटाखालची पेटी किंचित वाकलेली, वर उचलण्यासाठी घडीची मूठ. पेटी अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची, आत किती काडतुसे उरली ते जवानास डोळ्यांनी दिसावे म्हणून. कल्पना किती चांगली! पण कारगिलच्या थंडीत ती पेटी तडकत असल्याच्या तक्रारी आल्या. पुण्याच्या हवेत सुचलेली गोष्ट द्रासच्या हवेत टिकेलच असे नाही. छोटी काडतुसे हे तिचे आणखी एक वैशिष्ट्य. थ्री-नॉट-थ्रीच्या नळीचे छिद्र ७.७ मिलिमीटरचे, हिचे ५.५६. सैनिकाने तेवढ्याच ओझ्यात अधिक काडतुसे वाहावीत, हा हेतू.

काडतुसांचा विषय निघाला तेव्हा हवालदार सहज म्हणाले, "ही आपल्या वरणगावची." आम्ही चमकलो. भुसावळजवळच्या वरणगाव येथे १९६४ पासून शासकीय दारूगोळा कारखाना आहे. तेथे बंदुकींची काडतुसे घडतात. २०२१ साली कारखान्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. तो मुलूख तापीचा. तेथल्या शिवारांवरून वाहिलेले पाणीच पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे ओलांडून सारंगखेड्यास येते आणि मग आमच्या संगमाच्या घाटास लागते. संध्येचे अर्घ्य ज्या पाण्याने देतो, त्याच नदीच्या काठची ही पितळी वस्तू त्या दिवशी आम्ही प्रथमच तळहातावर घेतली. करंगळीहून बारीक, तोंडाशी निमुळती, दिवाळीतल्या लहानशा समईसारखी स्वच्छ. उत्तम पॉलिश केलेले पितळ हाताला नेहमी आवडते. तेही आवडले, आणि आवडले याचे वाईट वाटले.

चौथी वस्तू दिसताच अंगणातल्या पोराटोरांत कुजबूज झाली. ती ए.के.४७. मिखाईल कलाश्निकोव्ह नावाच्या रशियन सैनिकाने केलेली आणि १९४९ साली सोव्हिएत सैन्याने स्वीकारलेली. जगात तिच्याइतके ओळखीचे शस्त्राचे रूप दुसरे नसेल. ते ओळखू येते ते पोटाखालच्या केळ्यासारख्या वळणदार पेटीमुळे. हा बाक शोभेसाठी नाही. तिचे काडतूस बुडाशी जाड आणि तोंडाकडे निमुळते असते. तशी तीस काडतुसे एकावर एक रचली तर त्यांची रांग आपोआप वाकते, जशा चकत्या तिरक्या कापलेल्या मुळ्याच्या ढिगाला आपसूक कल येतो. पेटीने तो बाक निमूटपणे स्वीकारला आहे. बाकी सारे अंग ओबडधोबड : पत्र्याचे झाकण, लाकडी दस्ता, भागांत मोकळी फट. ही मोकळी फटच तिचे बळ. चिखल शिरला, वाळू शिरली तरी ती अडत नाही. अडाण्याच्या हातीही चालते आणि पोराच्या हातीही. मोझांबिक या आफ्रिकेतील राष्ट्राने तर १९८३ साली आपल्या ध्वजावर कुदळ आणि पुस्तक यांच्यासोबत तिलाच बसविले. गरुडध्वज, कपिध्वज ही नावे आपल्या तोंडी आहेत. ध्वजावर बंदूक आली, हा आमच्या ऐकण्यातला पहिलाच प्रसंग.

तिची अमेरिकेतील प्रतिस्पर्धिनी म्हणजे युजीन स्टोनर यांची एम-१६. ती आम्ही चित्रातच पाहिली आहे. विमाने करणाऱ्या कंपनीच्या शाखेत जन्मलेली, म्हणून लाकडास फाटा. सारे ॲल्युमिनियम आणि काळे प्लॅस्टिक. नळी आणि दस्ता एका सरळ रेषेत, म्हणजे धक्का थेट खांद्यात जावा आणि तोंड वर उसळू नये. डोळा मात्र त्या रेषेच्या वर राहतो, म्हणून नेम धरण्याची खूण उंच मुठीवर बसवावी लागली, आणि त्या मुठीमुळेच ती ओळखू येते. पहिल्यांदा हाती आली तेव्हा सैनिकांनी तिला खेळणे म्हणून हसण्यावारी नेले. १९९० साली कलाश्निकोव्ह आणि स्टोनर अमेरिकेत भेटले, त्यांनी एकमेकांच्या बंदुका चालवून पाहिल्या. दोन वैरी दर्शनांचे आचार्य उतारवयात एका घाटावर भेटावेत तसा हा प्रसंग आम्हांस वाटतो.

पिस्तुलांविषयी फार लिहीत नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८० च्या दशकाच्या आरंभी जे ग्लॉक पिस्तूल घेतले, ते आता आपल्याकडील काही पोलीस दलांतही आहे. त्याचा कर्ता त्यापूर्वी पडद्याच्या दांड्या आणि सुऱ्या बनवीत असे. अंग प्लॅस्टिकचे, माथा विटेसारखा चौकोनी, आणि सौंदर्याचा लवलेश नाही.

खरा विचार करावयास लावते ती पुण्याच्याच संस्थेची अलीकडची एक निर्मिती. महूची इन्फन्ट्री स्कूल आणि पाषाणची संस्था यांनी मिळून जानेवारी २०२१ मध्ये ९ मिलिमीटरचे एक यंत्रपिस्तूल जाहीर केले. चार महिन्यांत घडविलेले, वरचे अंग विमानांच्या ॲल्युमिनियमचे, खालचे कार्बन तंतूंचे, आणि घोड्याचे भाग धातूचे थरावर थर देऊन छापून काढलेले. खर्च पन्नास हजार रुपयांहून कमी. त्याला नाव दिले 'अस्मि'. अभिमान, स्वाभिमान आणि परिश्रम असा त्याचा अर्थ सरकारी निवेदनात सांगितला गेला.

आम्ही व्याकरण शिकविण्यात आयुष्य घालविले, तेव्हा येथे थोडे थांबणे भाग आहे. 'अस्मि' हे असणे या अर्थाच्या धातूचे उत्तमपुरुषी एकवचन. अर्थ एवढाच : मी आहे. मध्यमपुरुषी रूप 'असि', म्हणजे तू आहेस. आणि नवल असे की 'असि' या शब्दाचा दुसरा अर्थ तलवार! उपनिषदांच्या महावाक्यांपैकी एकाचा शेवट 'अस्मि'ने होतो, दुसऱ्याचा 'असि'ने. 'अस्मि'वरून 'अस्मिता' झाली. मराठीत ती अभिमानाची गोष्ट, पण पतंजलींनी तिला पाच क्लेशांत घातले आहे, अविद्येच्या लगोलग. नाव ठेवणाऱ्यांना हे अभिप्रेत नसेल, आणि असावे असा आमचा आग्रहही नाही. पण संस्कृत शब्द उचलला की त्याची मुळे सोबत येतात. त्याच संस्थेने २०२४ च्या जानेवारीत दाखविलेल्या नव्या रायफलीचे नाव 'उग्रम', नृसिंहमंत्राचा आरंभ ज्या शब्दाने होतो तो. नृसिंहाच्या हाती मात्र त्या वेळी शस्त्र नव्हते, नखे होती.

नावे दिली जातात ती जातीला, व्यक्तीला नव्हे. गांडीव एकच होते. अस्मि शेकड्यांनी घडतात, ए.के.ची गणती कोटींनी होते. या सर्व बंदुकांच्या अंगावर आम्ही शोभेची एक रेघ शोधली, इंद्रगोप नाही तरी एखादे फूल, एखादी वेल. सापडली नाही. अक्षर आहे ते क्रमांकाचे. त्यांची वक्रता, लांबी, रंग, सारे काही कोणत्याही हातास बसावे म्हणून ठरविलेले आहे. हवालदार म्हणाले, "आमच्या पाड्यात तीर-कामठा असायचा, महाराज. बांबूची काठी आणि बांबूचीच दोरी. पण बाण रानात सापडला, की पोरगंसुद्धा सांगायचं हा कोणाचा. पिसं बांधायची तऱ्हा ज्याची त्याची." सातपुड्याच्या त्या पाड्यात उत्तराचा प्रश्न अजून विचारता येत होता. या सतरंजीवर तो विचारला तर वहीकडे बोट दाखवावे लागते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत हा प्रश्न फार भयंकर रीतीने उभा राहिला. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती थ्री-नॉट-थ्री होत्या, मारेकऱ्यांच्या हाती वाकड्या पेटीची ए.के. गिरगाव चौपाटीवर नाकाबंदीत मोटार अडविली गेली, तेव्हा साताऱ्याकडच्या केडंबे गावचे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हाती केवळ लाठी होती. त्यांनी ए.के.ची नळी दोन्ही हातांनी पकडली. नळीस लाकूड का लावतात ते आम्ही वर लिहिले आहे, हात भाजू नये म्हणून. ओंबळ्यांनी ती पकडली आणि गोळ्या अंगावर घेत सोडली नाही, तोवर सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत धरले. २००९ साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. बंदूक घडविणाऱ्याने दस्ता कोठे, मूठ कोठे, हात कोठे ठेवावा हे सारे योजलेले असते. त्या टोकाकडून कोणी ती धरील, अशी योजना कोणत्याही आराखड्यात नाही.

ज्या माणसाने ते रूप योजले, त्याचीही गोष्ट सांगितली पाहिजे. कलाश्निकोव्ह मातृभूमीच्या रक्षणासाठी शस्त्र केले असे जन्मभर सांगत आले, आणि गवत कापण्याचे यंत्र केले असते तर बरे झाले असते असेही एकदा बोलून गेले. वयाच्या नव्वदीनंतर ते चर्चकडे वळले. २०१२ साली त्यांनी रशियाच्या सर्वोच्च धर्मगुरूंना पत्र लिहिले. आपल्या बंदुकीने लोकांचे प्राण घेतले, तर त्या मृत्यूंचा दोष आपल्याकडे येतो काय, मग ते लोक शत्रू का असेनात, असा त्या पत्राचा आशय होता, आणि ही वेदना असह्य असल्याचे त्यांनी कळविले होते. २३ डिसेंबर २०१३ रोजी चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते वारले, त्यानंतर ते पत्र छापून आले. मातृभूमीच्या रक्षणासाठी शस्त्र असेल तर चर्च त्याच्या कर्त्याच्या पाठीशी असते, असे धर्मगुरूंच्या कार्यालयातून सांगण्यात आले. उत्तर चुकीचे नाही. आमच्याकडे कोणी विचारले असते तर आम्हीही राजधर्माच्या आधारे असेच काही सांगितले असते. तो म्हातारा त्याने निवला की नाही, कोण जाणे.

आम्ही त्या दिवशी मंत्र म्हटले. वडिलांची क्षमा मनात मागून म्हटले. पाच दस्त्यांवर कुंकू लावताना ओठांत पाच नावे आली, माणिक चौकातली. ती संकल्पात नव्हती, कोणी ऐकलीही नसतील. मग हवालदारांनी प्रसाद घेतला, फडक्याने एकेक दस्ता पुसला, नळ्यांवरून तेलाचा बोळा फिरविला आणि बंदुका खांद्याशी धरून आत नेल्या. वही उघडली. एकेक आकडा ते मोठ्याने वाचीत होते आणि एक तरुण शिपाई प्रत्येकासमोर खूण करीत होता. आकडे जुळले. कुलूप लागले. दारावरच्या तोरणातला एक झेंडू खाली पडला होता, तो उचलून हवालदारांनी खिशात घातला.